नापास होडी

आप्पांनी जावयाकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि तीही जेवताना, समोरचं मीठ मागावं तशी. रविवारी सकाळी ते थोरल्या मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. तिचं गाव समुद्रापासून इतकं आत होतं, की तिथल्या मुलांना होडी फक्त पहिलीच्या पुस्तकात भेटत असावी.

"जाण्याआधी एकदा होडी काढू," आप्पा म्हणाले. "दीपगृहाला वळसा घालायचा आणि परत यायचं. जमलं तर."

जावईबापू म्हणाले, "ते माझ्यावर सोडा."

ह्या शब्दांनी जावईबापूंचा यापूर्वीही अनेकदा घात केला होता. स्वयंपाकघराचा नळ, गच्चीची गळती, मेहुणीचा हरवलेला पासपोर्ट ह्या सगळ्या गोष्टी कधी ना कधी त्यांच्यावर सोडण्यात आल्या होत्या आणि त्यांनी त्या मोठ्या निष्ठेनं अधिक बिघडवल्या होत्या. पण ह्या खेपेला त्यांना खरोखरच भीती वाटली नाही. होडी आप्पांचीच होती. लाकडी, छोट्या केबिनची, आत एक गॅसची शेगडी आणि दोन बाकं. सासूबाई गेल्यापासून आप्पा धक्क्यावर फिरकले नव्हते, त्यामुळे होडी दोन वर्षं जागच्या जागी डुलत होती. मेकॅनिकनं येऊन इंजिन सुरू करून दिलं. ते पहिल्या खोकल्यातच सुरू झालं, तेव्हा आप्पांनी नुसती मान हलवली आणि पुष्कळ वेळ दुसरीकडे पाहत राहिले.

राहता राहिली हिरवी चकती. आग प्रतिबंधक तपासणीत पास झालेल्या होडीच्या काचेवर ही चकती लावतात, आणि ती नसेल तर होडीला धक्क्यावरून हलायची परवानगी नाही, असं धक्क्याच्या कार्यालयातून कळलं. जावईबापू हसले. निवृत्त होईपर्यंत ते विमा कंपनीच्या आग विभागात होते. गोदामं, कापडाच्या गिरण्या, एकदा तर सर्कशीचा आख्खा तंबू त्यांच्या टेबलावरून गेला होता. इतक्या आगी हाताखालून गेलेला माणूस त्या धक्क्यावर दुसरा नव्हता. प्रत्यक्षात पेटलेलं मात्र त्यांनी शेगडीखेरीज काही पाहिलं नव्हतं, पण हा मुद्दा त्यांना कधी महत्त्वाचा वाटला नाही.

तपासनीस म्हणून आल्या त्या एक तरुण बाई. हातात टॉर्च आणि लांब दांडीचा छोटा आरसा. त्या फार कमी बोलत. जावईबापूंनी सुरुवातीलाच आपल्या हुद्द्याचा उल्लेख केला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि केबिनच्या भिंतीवरच्या, आग विझवायच्या लाल सिलिंडरवर वाळत घातलेला पंचा दोन बोटांनी बाजूला केला. सिलिंडरचा काटा लाल भागात निपचित पडला होता. शिवाय नियमानं सिलिंडर दोन हवेत. शेगडीशेजारी आगीवर टाकायचं ब्लँकेट हवं, ते नव्हतंच. गॅसची टाकी शेगडीखालच्या बंद कपाटात होती आणि गॅसचा अलार्म कुठेच नव्हता.

घरीही टाकी अशीच असते, असं जावईबापूंनी निदर्शनास आणून दिलं.

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो," बाई म्हणाल्या. "गळला की खाली बसतो. घरात तो दाराखालच्या फटीतून निघून जातो. होडी म्हणजे वाडगा. जाणार कुठे?"

मग त्यांनी विचारलं, की समजा इंजिन पेटलं, केबिनमध्ये धूर आला, तर काय कराल? प्रश्न इतका सोपा होता की जावईबापूंना जरा अपमानच वाटला. इंजिनावरचं झाकण उघडून आत काय झालंय ते बघीन, असं त्यांनी सांगितलं.

बाहेर धक्क्यावर पालथ्या खोक्यावर आप्पा बसले होते. त्यांनी उजव्या हाताची बाही खाली ओढली.

झाकण कधीही उघडायचं नसतं, बाईंनी समजावलं. आग आत हवेची वाट पाहत असते. झाकणाला एक भोक हवं, त्यातून सिलिंडरचं तोंड घालून फवारा मारायचा. तेही भोक ह्या होडीला नव्हतं. होडी नापास झाली.

घरी परतताना आप्पांनी न विचारता सांगितलं. फार वर्षांपूर्वी शेजारच्या होडीच्या इंजिनातून धूर येताना त्यांना दिसला, मालक नव्हता, म्हणून ते चढले आणि त्यांनी झाकण उघडलं. ती होडी गेली, तिच्या दोन्ही बाजूंच्या गेल्या. माणसं सगळी वाचली. आप्पांच्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत का, हे जावईबापूंना लग्नानंतर इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं. त्यानंतर धक्क्याची समिती नेमली गेली आणि हे सगळे नियम झाले. "निम्मे मीच सुचवले होते," आप्पा म्हणाले. "आणि माझीच होडी नापास. बरोबर आहे बाईंचं."

त्या क्षणापासून जावईबापूंनी हे काम मनावर घेतलं. एखादं काम त्यांनी मनावर घेतलं की घरातली माणसं मौल्यवान वस्तू उचलून ठेवतात.

पहिला सल्ला शेजारच्या होडीतून आला. तिथे एक निवृत्त दंतवैद्य असत. त्यांची होडी धक्क्यावरून हललेली कोणालाच आठवत नव्हती. ते रोज सकाळी येऊन तिच्यात बसत, वर्तमानपत्र वाचत आणि इतरांना समुद्राविषयी मार्गदर्शन करत. अलार्म छताला लावा, ते म्हणाले, सगळीकडे छतालाच असतो. जावईबापूंनी शिडीवर चढून तो छताला लावला. दुसऱ्या दिवशी वाडग्याचं बोलणं आठवलं, तेव्हा लक्षात आलं की गॅस त्या अलार्मपर्यंत पोचेल तोवर होडीतली माणसं गुडघ्यापासून मानेपर्यंत त्यात बुडालेली असतील. अलार्म खाली आला. छताला चार भोकं राहिली.

भोकांचा विषय निघालाच आहे तर इंजिनाचंही सांगायला हवं. ड्रिल मशीनही दंतवैद्यांचंच. जावईबापूंनी केबिनच्या बाजूनं अंदाज घेतला, खूण केली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि भोक पाडलं. ते थेट चमच्यांच्या खणात निघालं. खण बंद होता, त्यामुळे एका चमच्यालाही आरपार भोक पडलं. दंतवैद्यांनी ते भोक उजेडात धरून पाहिलं आणि काम सुबक झाल्याचा निर्वाळा दिला. इंजिनाचं भोक दुसऱ्या प्रयत्नात पडलं. तो चमचा अजून घरात आहे. त्यानं साखर घेता येते, फक्त घाई करावी लागते.

ब्लँकेटच्या बाबतीत चूक बायकोची होती, असं जावईबापूंचं ठाम मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे. नवं ब्लँकेट घरी आलं तेव्हा तिला त्याला दुकानाचा वास आला, म्हणून तिनं ते मशीनमध्ये टाकलं, सोबत ह्यांचे बनियन. आगीवर टाकायचं ब्लँकेट काचेच्या धाग्यांचं असतं. धुतल्यावर त्यातले बारीक तुकडे सुटतात आणि सुती कापडात घर करतात. जावईबापूंना दोन दिवस बसता येईना, उभं राहता येईना. डॉक्टरनं घरात काही नवीन आणलंय का विचारलं, तेव्हा त्यांनी खाजवत खाजवत अत्यंत गंभीरपणे सांगितलं, की आगीपासून संरक्षण. मग दुसरं ब्लँकेट आणावं लागलं, आणि ते बायकोपासून लपवून ठेवावं लागलं.

पण खरी चूक पुढे झाली, आणि ती कोणा एकाची म्हणता येणार नाही. ती त्या घराची होती. ह्या घरात नवीन वस्तू आधी जपली जाते, मग वापरली जाते. टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिकचं आवरण असतं. पाहुण्यांसाठीच्या कपबशांनी अजून पाहुणा पाहिलेला नाही, कारण येतात ते सगळे आपलेच असतात. दोन नवे कोरे, चकचकीत लाल सिलिंडर अशा घरात आले. त्यात दंतवैद्यांनी सांगितलं, की त्यांच्या होडीतून मागे एक किटली चोरीला गेली होती, धक्क्यावर काही उघड्यावर ठेवू नका. जावईबापूंनी सुताराकडून केबिनमध्ये एक छोटं कपाट करून घेतलं. सिलिंडरांची प्लास्टिकची आवरणं तशीच ठेवून ते आत उभे केले, मधे ब्लँकेट ठेवलं, कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं. किल्ली हरवू नये म्हणून घरी ठेवली.

दुसऱ्या तपासणीला बाईंनी सगळं पाहिलं. अलार्म खाली होता. गॅसची टाकी बाहेर, तळाशी भोक असलेल्या खोक्यात गेली होती. इंजिनाचं भोक जागेवर होतं. खणातलंही भोक त्यांना दिसलं, पण त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. मग शेगडीसमोर उभ्या राहिल्या.

"समजा, इथलं तेल आत्ता पेटलं," त्या म्हणाल्या. "विझवा."

जावईबापू कपाटाशी गेले आणि तिथेच थांबले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. बायकोनं लगेच उचलला नाही, ती अंघोळीला गेली होती.

"तेल अजून पेटलेलं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या.

बायकोनं उचलला. किल्ली कुठे आहे? तिनं विचारलं, कुठली किल्ली? हे म्हणाले, कपाटाची. ती म्हणाली, घरातल्या की होडीतल्या? होडीतल्या. ती बिस्किटांच्या डब्यात आहे. मग आता कसं? तिनं विचारलं, का, काय झालं? आग लागली आहे, हे म्हणाले.

"पडदा पेटला," बाई म्हणाल्या.

फोनवर बायको घाबरली. जावईबापूंनी तिला समजावलं की आग खरी नाही, तपासणीची आहे. ती म्हणाली, मग किल्ली घेऊन येऊ की नको? त्यांनी विचारलं, किती वेळ लागेल? ती म्हणाली, केस ओले आहेत.

"छत," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता आपण सगळ्यांनी पाण्यात उडी मारलेली आहे."

"माझीही पेटली असेल एव्हाना," शेजारच्या होडीतून दंतवैद्य वर्तमानपत्रावरून म्हणाले.

होडी दुसऱ्यांदा नापास झाली.

त्या रात्री जावईबापू जेवले नाहीत. आपण नापास झालो ह्याचं दुःख होतंच, पण आप्पांनी एक शब्दही बोलू नये, उलट आमटीचं भांडं आपल्याकडे सरकवावं, ह्यानं त्यांना अधिक लागलं. आप्पांची बॅग बाहेरच्या खोलीत भरून ठेवलेली होती. तिच्यावर त्यांची जुनी होडीची टोपी होती. बॅगेत नव्हती, वर होती. आता फक्त शनिवारची तपासणी उरली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, मग कडी काढली, मग विश्वास वाटेना म्हणून दारच उतरवलं. प्लास्टिकची आवरणं फाडली. फाडताना बायकोनं तोंड फिरवलं, तिला पाहवलं नाही. दाराजवळ एक सिलिंडर, केबिनमध्ये एक, शेगडीशेजारी ब्लँकेट. घरी सराव सुरू झाला. बायकोनं "आग" म्हणायचं, पण हळू, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं नाही, आणि ह्यांनी सोफ्यावरून उठून लाटणं घेऊन स्वयंपाकघरात पोचायचं. आप्पा खुर्चीत बसून हे पाहत. एकदा त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग जावयाच्या कपाळावरचा घाम पाहून मिटलं.

शनिवारी आप्पा, लेक आणि जावई तिघेही लवकरच धक्क्यावर गेले. आप्पांनी टोपी घातली होती. समुद्र सपाट होता. जावईबापूंनी केबिनमध्ये सगळं जागच्या जागी लावलं आणि पुसलं. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"सिलिंडरची पिन ओढून बघितलीत का?" त्यांनी विचारलं. "गंजलेली असली तर आयत्या वेळी निघत नाही."

जावईबापूंनी पिन ओढली. छान निघाली.

"दांडा?" आप्पा म्हणाले. "कधीकधी दाबायचा दांडाही अडकतो."

दांडा अडकलेला नव्हता.

अशा सिलिंडरात बारीक पांढरी पावडर दाबून भरलेली असते. मोकळ्या जागेत ती ढगासारखी पसरते. बंद केबिनमध्ये तिला पसरायला जागा नसते, म्हणून ती माणसावर बसते. जावईबापूंनी दांडा सोडला, पण तोवर सिलिंडरानं आपलं काम प्रामाणिकपणे केलं होतं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवया, मिशा, शर्ट, बूट सगळं एका रंगाचं झालं होतं. दंतवैद्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. अशी वेळ क्वचितच येई.

थोडी जरी पावडर गेली तरी सिलिंडरातला दाब पुढे टिकत नाही, आणि हा तर बराचसा रिकामा झाला होता. काटा लाल भागात जाऊन बसला. बाई दुरून येताना दिसत होत्या.

दंतवैद्य लगबगीनं आपला सिलिंडर घेऊन कठड्यापाशी आले. हा लावून टाका, ते हळूच म्हणाले, त्या गेल्या की परत द्या, इथे सगळे असंच करतात.

जावईबापूंनी हात पुढे केला. सिलिंडर थंड आणि जड होता. लावला असता तर दोन मिनिटांचं काम. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा पाण्याकडे पाहत होते, बाही नेहमीसारखी मनगटापर्यंत ओढलेली.

"नको," जावईबापू म्हणाले. "तेवढ्यात तुमच्याकडे काही पेटलं तर तुम्ही काय करणार?"

बाई आल्या. त्यांनी केबिनमध्ये डोकावलं, मग जावईबापूंकडे पाहिलं, मग दंतवैद्यांच्या हाताकडे. तो सिलिंडर ह्या रांगेतल्या पुष्कळ होड्यांत त्यांना भेटलेला आहे, असं त्यांनी सांगितलं. दंतवैद्य आत गेले.

नापास, हा शब्द त्यांनी उच्चारायच्या आधीच जावईबापू आप्पांसमोर जाऊन उभे राहिले. बोलताना त्यांच्या मिशीतून पावडर गळत होती.

"आप्पा, माझ्यामुळे राहिलं तुमचं. पास झालो असतो तर आत्ता निघालो असतो."

"पास झाला असतात तरी आज निघता आलं नसतं," बाई मागून म्हणाल्या. "हिरवी चकती मुख्य कार्यालयातून टपालानं येते. आठवडा तरी लागतो."

आप्पांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. इतक्या धावपळीत हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. जावईबापूंनी फक्त पास कसं व्हायचं ते विचारलं होतं, पास झाल्यावर काय होतं ते नव्हे.

"मात्र तिसऱ्यांदा नापास झालेली होडी इतरांच्या मधे ठेवता येत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "शेजारच्यांना धोका. आजच बाहेरच्या धक्क्यावर न्यावी लागेल, मालकानं स्वतः. मी माझा मोठा सिलिंडर घेऊन बरोबर येते. गॅसची टाकी तेवढी इथेच उतरवा."

बाहेरचा धक्का दीपगृहाच्या पलीकडे होता.

जावईबापूंनी सावकाश मान वळवली. आप्पा तिथे नव्हते. ते पुढच्या टोकाला वाकून दोर सोडत होते, आणि गाठ इतक्या लवकर सुटली, की ती आधीच सैल करून ठेवली असावी.

इंजिन लागलं. होडी मागे सरली, वळली, दंतवैद्यांनी तिला हात केला. आप्पा सुकाणूच्या चाकापाशी बसले. तिथलं बाक दोघांचं होतं, आणि आप्पा सवयीनं डाव्या अर्ध्या भागावर बसले होते. उजवी बाजू मोकळी होती. लेकीनं त्या जागेकडे पाहिलं आणि ती केबिनच्या पायरीवर बसली. बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, होडी बाहेर न्यायचा हा नियम तुम्हाला ठाऊक होता?"

"मीच सुचवला होता. ती होडी जळाली त्या वर्षी."

"मग ह्यांना आधीच का नाही सांगितलंत?"

आप्पांनी थोडा विचार केला. "माणूस इतक्या मनापासून पास व्हायला निघालेला. त्याला नापास व्हा म्हणून कसं सांगायचं?"

जावईबापू पुढच्या टोकाशी, उरलेला चांगला सिलिंडर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी हे ऐकलं. पिन आणि दांड्याचं बोलणं त्यांना आठवलं. रागवावं की नाही हे त्यांना ठरवता येईना, आणि अंगावर इतकी पावडर असताना रागावणं शोभेल असंही वाटेना.

दीपगृह जवळ आलं. बाईंनी सांगितलं, की आतल्या बाजूनं घेतलं तर लवकर पोचू. आप्पा म्हणाले, आतल्या बाजूला खडक आहेत. बाईंनी आतल्या बाजूच्या निळ्या, खोल, मोकळ्या पाण्याकडे पाहिलं. मग आप्पांच्या टोपीकडे.

"खडक असतील तर बाहेरूनच घ्या," त्या म्हणाल्या.

बाहेरून लाटा थोड्या मोठ्या होत्या. आप्पांनी इंजिन मंद केलं. दीपगृहाची पांढरी भिंत, तिच्यावरचे गंजाचे ओघळ, पायथ्याशी फुटणारं पाणी सगळं सावकाश बाजूनं गेलं. आप्पांनी ते पूर्ण मागे पडेपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "जावईबापू, इकडे या. बसा."

"माझ्या अंगाला पावडर आहे, आप्पा."

"बसा."

जावईबापू आले आणि बाकाच्या उजव्या अर्ध्या भागावर, जमेल तेवढे कमी बसले. आप्पांनी त्यांचा एक हात उचलून चाकावर ठेवला, मग दुसरा. स्वतःचे काढून घेतले.

"आता हे तुमच्यावर सोडतो," आप्पा म्हणाले.

तपासनीस बाईंनी मोठा सिलिंडर जवळ ओढून घेतला.